आड न येणारं स्थानक

सिअ‍ॅटलमध्ये ढग हटले की लोक एकमेकांना सांगतात, ‘आज पर्वत बाहेर आलाय.’ नाव घ्यावं लागत नाही. पर्वत म्हणजे माउंट रेनियर, ४,३९२ मीटर उंच, बाराही महिने बर्फ पांघरलेला. शहरापासून तो शंभरेक किलोमीटरवर आहे, पण दिसतो तेव्हा दक्षिणेचं सगळं क्षितिज त्याचं असतं. १९०९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जमिनीवर अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या जागेचा आराखडा ऑल्मस्टेड बंधूंच्या कचेरीकडे होता. त्यांनी प्रदर्शनाची मुख्य वाट सरळ या पर्वताच्या रोखाने आखली. प्रदर्शन उठलं, बहुतेक इमारती गेल्या, वाट राहिली. रेनियर व्हिस्टा या नावाने ती आजही विद्यापीठाचा कणा आहे. ड्रमहेलर कारंज्यापाशी उभं राहून आग्नेयेला पाहिलं की झाडांच्या दोन रांगांमधून उतरत जाणारी हिरवळ दिसते आणि तिच्या टोकाला, हवा स्वच्छ असेल तर, पर्वत.

१९ मार्च २०१६ रोजी या वाटेच्या पायथ्याशी, हस्की स्टेडियमच्या गाड्या लावायच्या जागेवर, लिंक लाइट रेलचं ‘युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन’ स्थानक सुरू झालं. विद्यापीठ, त्याचं मोठं रुग्णालय, कालव्यापलीकडचं मॉन्टलेक, पूर्वेचं लॉरेलहर्स्ट, अशा सगळ्यांचं ते स्थानक. जमिनीवर त्याचं अंग थोडकंच दिसतं: काचेची एक उजळ इमारत आणि तिथून निघून हमरस्ता ओलांडणारा पादचारी पूल. ही इमारत पर्वताच्या रेषेत येत नाही. रेषेपासून जरा पूर्वेला सरकून ती उभी आहे. शंभर वर्षं जपलेल्या दृश्याच्या टोकाशी काही बांधायची संधी मिळाली, तर त्या दृश्यात आपलीही एखादी कमान असावी असा मोह कुणालाही होईल. एलएमएन आर्किटेक्ट्स या सिअ‍ॅटलच्याच कचेरीने केलेल्या रचनेत तो मोह कुठेही दिसत नाही.

मला या स्थानकात जे आवडतं त्याचं मूळ इथे आहे. ते कुठे असावं, किती खोल असावं, पुढे रूळ कशावर टेकावेत, पूल कुठून जावा, यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय कशाच्या आड यायचं नाही, यावरून ठरला. पर्वताचं दृश्य, फुटबॉलचं मैदान, बोटींचा कालवा, प्रयोगशाळांची शांतता, सगळ्यांना सांभाळून घ्यायचं होतं. इतकी बंधनं पाळून उभी राहिलेली वास्तू बहुतेकदा दबून जाते, तिला स्वतःचा चेहरा उरत नाही. या स्थानकाला चेहरा आहे, आणि तो जमिनीच्या पोटात आहे. ज्या एका गोष्टीला मोडल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं ती म्हणजे जमीन, आणि तिलाच इथे मानाची जागा मिळाली आहे.

पण आधी रेल्वे इथवर कशी आली ते. सिअ‍ॅटलने रेल्वेला दोनदा नकार दिला. १९६८ आणि १९७० साली ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ या योजनेखाली जलद रेल्वेसाठी कर्जरोखे काढायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. साठ टक्के मतं लागत होती. पहिल्या खेपेला निम्म्याहून थोडी अधिक पडली, दुसऱ्या खेपेला निम्मीही नाही. केंद्र सरकारचा जो पैसा सिअ‍ॅटलला मिळायचा, तो अटलांटाच्या मेट्रोकडे गेला. पुढे १९९६ साली मतदारांनी होकार दिला, तेव्हा लाइट रेल २००६ पर्यंत विद्यापीठाच्या वस्तीत पोचेल असा वायदा होता. फर्स्ट हिलवरून येऊन पोर्टेज बेच्या पाण्याखालून जाणाऱ्या बोगद्याच्या निविदा मात्र अंदाजाच्या फार वर गेल्या, तिथली मातीही अवघड निघाली आणि मार्ग नव्याने आखावा लागला. बोगदा पूर्वेला सरकला, मॉन्टलेक कालव्याखालून आला आणि विद्यापीठाच्या कोपऱ्यात निघाला. फर्स्ट हिलवर शहरातली मोठमोठी रुग्णालयं आहेत, तरी तिथलं स्थानक २००५ मध्ये वगळलं गेलं. त्या टेकडीची समजूत पुढे ट्रामवर घालण्यात आली. आजचं स्थानक विद्यापीठाच्या मध्यावर नसून काठावर आहे, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. त्याच्यावरचा सर्वांत सार्थ आक्षेपही याच काठावरून सुरू होतो. तिकडे येईनच.

काम २००९ मध्ये सुरू झालं. मध्य सिअ‍ॅटलपासून इथवर सुमारे ५ किलोमीटर, सगळे जमिनीखालून. अंदाजपत्रक १.९ अब्ज डॉलरचं होतं. प्रत्यक्षात काम त्याहून वीसेक कोटी डॉलर कमी खर्चात आणि ठरल्या वेळेच्या सहा महिने आधी पुरं झालं. इथून कॅपिटल हिल या शेजारच्या स्थानकाकडे दोन बोगदे खोदत गेलेल्या यंत्रांची नावं होती बाल्टो आणि टोगो. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली तेव्हा बर्फातून औषध ओढून नेणाऱ्या कुत्र्यांची ही नावं. विद्यापीठाच्या संघांचं बोधचिन्ह हस्की कुत्रा, म्हणून ही निवड झाली. लिंकच्या स्थानकांना ओळखीची चित्रं दिली गेली तेव्हाही या स्थानकाच्या वाट्याला हस्कीच आला. नोमच्या त्या धावेत सर्वांत लांब आणि जीवघेणा टप्पा टोगोने ओढला होता. बाल्टो शेवटच्या टप्प्यात गावात पोचला, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. इथे दोघांना शेजारी शेजारी, सारख्याच लांबीचं काम मिळालं, हे मला फार न्याय्य वाटतं.

आता खाली उतरू. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवलं की पहिले काही क्षण काचेतून आलेला दिवसाचा उजेड सोबत असतो. मग तो मागे पडतो. फलाट जमिनीखाली सुमारे २९ मीटरवर आहे, म्हणजे नऊ-दहा मजले खाली. इतकं खोल जायचं एक मोठं कारण तो कालवा. दक्षिणेकडे सुटलेली गाडी लगेच मॉन्टलेक कालव्याच्या तळाखालून जाते, आणि पाणी व बोगदा यांच्यामध्ये जमिनीचं पुरेसं आवरण ठेवावं लागतं. इतक्या खोल बांधलेली पुष्कळ स्थानकं आपण जमिनीखाली आहोत याचा विसर पाडण्याची धडपड करतात. झगझगीत दिवे, गुळगुळीत फरशी, भिंतभर जाहिराती. उतरणारा माणूस आपण कुठे आहोत हे खरोखरच विसरतो, आणि कुठेही असल्यासारखा चालू लागतो. इथे तसं होत नाही.

वाटेत जिना एका उंच दालनात शिरतो. हे दालन सुमारे सतरा मीटर उंच आहे. वर जाणारे आणि खाली येणारे जिने त्यात एकमेकांना छेद देत जातात, आणि दालनाच्या भिंती प्रकाशाने भरलेल्या असतात. लिओ सॉल बर्क या सिअ‍ॅटलच्या कलावंताची ही कलाकृती. नाव ‘सबटेरेनियम’. मागून एलईडीचा प्रकाश सोडलेल्या सहा हजारांहून अधिक फळ्या, आणि त्यातली एकही दुसरीसारखी नाही. गडद पृष्ठभागावर उजळ खुणा: कुठे ठिपक्यांची दाटी, कुठे तुटक रेघा, कुठे गोट्यांसारखे आकार, कुठे वळसे घेत गेलेले पट्टे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. रात्रीचं आकाश वाटलं असं म्हणणारेही भेटतात. खरं तर ती जमिनीची नोंद आहे.

कुठलंही मोठं खोदकाम करण्याआधी अभियंते जमिनीत खोल छिद्रं घेतात, नळीतून मातीचे नमुने वर काढतात आणि कितव्या फुटावर काय लागलं ते उभ्या तक्त्यात लिहून ठेवतात. त्या तक्त्यात शब्दांच्या शेजारी खुणा असतात. वाळूला ठिपके, चिकणमातीला रेघा, खडीला छोटी वर्तुळं. ही कामापुरती लिपी आहे. बोगदा किती टेकूंनी सावरायचा, पाणी कुठे झिरपेल, यंत्राची पाती कुठे झिजतील, हे तिच्यावरून ठरतं. काम संपलं की तक्ते कपाटात जातात आणि पुन्हा कुणी उघडून बघत नाही. बर्कने याच तक्त्यांवरून प्रेरणा घेतली. त्यांची हुबेहूब नक्कल न करता त्यांच्या खुणांवरून स्वतःची एक प्रकाशलिपी घडवली आणि ती दालनाच्या भिंतींवर थरांथरांनी लिहिली.

या कल्पनेतला खोलपणा हळूहळू उलगडतो. भिंतीवर जे काढलं आहे ते दूरच्या कुठल्या प्रदेशाचं चित्र नाही. जिथे जिना आहे, जिथे आपण उभे आहोत, नेमक्या त्याच पोकळीत कधीकाळी जे होतं त्याची ती आठवण आहे. माती उपसून नेली म्हणून ही जागा झाली. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर वाळू होती, गुडघ्यापाशी चिकणमाती होती. एरवी बांधकामात उपसलेल्या मातीचं कुणी नाव घेत नाही. ती ट्रकमधून जाते आणि पायाभरणीच्या पाटीवर देणगीदार, मंत्री, अधिकारी यांची नावं येतात. इथे पाटीवर माती आहे.

आपल्याकडे साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरताना असंच खोल उतरत गेल्याचं भान येतं. तिथे मात्र घडीव दगडाने जमिनीला मागे रेटून धरलं आहे, भिंत सांगते ती बांधणाऱ्यांच्या हाताविषयी. बर्कची भिंत स्वतः बाजूला होते आणि मागच्या जमिनीला बोलू देते. दोन्ही मोठी कामं आहेत. पण जमिनीत शिरायचं असेल तर तिची ओळख करून घ्यावी, ही वृत्ती मला सिअ‍ॅटलच्या या भिंतीत जास्त दिसते.

आणि ती जमीन ओळख करून घेण्याजोगी आहे. सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून हिमस्तराची एक जीभ या भागावर पसरली. आज जिथे शहर आहे तिथे तिची जाडी जवळपास नऊशे मीटर होती. बर्फ पुढे सरकला तेव्हा त्याच्या तोंडाशी साठलेल्या तळ्यात चिकणमाती बसली, वितळणाऱ्या प्रवाहांनी तिच्यावर वाळू अंथरली, मग बर्फाने स्वतःच्या भाराने गोटे, वाळू, माती यांचा दाबून घट्ट केलेला थर घातला. सिअ‍ॅटलच्या टेकड्या, घसरणारे उतार, झऱ्यांच्या जागा, सगळं या थरांनी ठरवलं. पोर्टेज बेखालचा पहिला मार्ग सोडण्यामागे इतर कारणांबरोबर जमिनीची अवघड घडणही होती. म्हणजे रेल्वेला इथे आणून सोडण्यात मातीचाही वाटा आहे. माणसांनी त्यात आपली भर घातली. १९१६ मध्ये मॉन्टलेकचा कालवा खणून लेक वॉशिंग्टनचं पाणी समुद्राकडच्या जलमार्गात सोडलं गेलं आणि ते अवाढव्य तळं सुमारे पावणेतीन मीटरने खाली गेलं. स्टेडियमच्या पूर्वेची युनियन बेची दलदल त्या उतरलेल्या पाण्यामुळे उघडी पडली. स्थानकाच्या आसपासची जमीन अशी फार जुनी आणि काही ठिकाणी अगदी नवी आहे.

बर्कच्या कामाचं आणखी एक सामर्थ्य त्याच्या जागेत आहे. कलादालनातल्या चित्रासमोर माणूस थांबतो, मागे सरकतो, पुन्हा जवळ जातो. इथे पाहणारा सरकत्या जिन्यावर आहे. त्याला थांबता येत नाही. तो खाली जातो आणि थर वर जातात. वर येताना उलटं. रोज येणाऱ्या विद्यार्थ्याला एका खेपेत भिंतीचा एखादाच तुकडा दिसतो, तोही मोबाइलवरून नजर वर केली तर. दुसऱ्या दिवशी दुसरा. चार वर्षांची पदवी घेईतो सबंध भिंत त्याच्या नकळत वाचून झालेली असते. सार्वजनिक कला सहसा आपल्याकडे बघा म्हणून हाका मारते. ही थोडी थोडी, तुकड्यातुकड्याने मनात साठते, आणि रोजच्या वाटेवरच्या कलेने असंच असावं असं माझं ठाम मत आहे.

आता उत्तरेकडचे रूळ. हा या स्थानकाचा न दिसणारा भाग, आणि मला तो भिंतीइतकाच सुंदर वाटतो. रेल्वे इथून पुढे न्यायची म्हणजे विद्यापीठाच्या थेट खालून न्यायची, आणि वर प्रयोगशाळा. या विद्यापीठात भौतिकशास्त्राची फार नाजूक मोजमापं चालतात. गुरुत्वाकर्षणाची कसोटी पाहणारा एओट-वॉश हा प्रसिद्ध गट इथलाच. एका तारेला टांगलेल्या लोलकाची अतिसूक्ष्म पिळवट मोजणाऱ्या माणसाला खालून धडधडत जाणारी गाडी परवडत नाही. प्रश्न नुसत्या हादऱ्यांचा नव्हता. लिंकच्या गाड्या १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. वरच्या तारेतून प्रवाह येतो, रुळांतून परत जातो, आणि गाडीने वेग घेतला की या वेढ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं. गाडीचं पोलाद हललं तरी सूक्ष्म उपकरणांना त्याचा पत्ता लागतो. विद्यापीठ आणि ही रेल्वे बांधणारी साउंड ट्रान्झिट ही संस्था यांच्यात यावर दीर्घ बोलणी झाली, मर्यादा ठरल्या, करार झाले.

हादऱ्यांवरचा उपाय समजायला सोपा आहे, करायला अवघड. रूळ बोगद्याच्या तळाला थेट जखडायचे नाहीत. काँक्रीटच्या जड लाद्या रबराच्या गाद्यांवर टेकवायच्या आणि रूळ त्या लाद्यांवर बसवायचे. लादी जितकी जड आणि गादी जितकी मऊ, तितकी ही जोडी संथ हलते. चाकांची जलद थरथर तिच्यात मुरते आणि बोगद्याच्या भिंतीपर्यंत फारच थोडी पोचते. प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. तिकिटावर त्याचा उल्लेख नाही. पण वर कुणीतरी श्वास रोखून एक आकडा टिपत असताना खालून चारशे माणसं वर्गात, कामावर, दवाखान्यात निघालेली असतात आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो, ही अभियांत्रिकीने साधलेली सभ्यता आहे. शहरात राहणं म्हणजे शेजाऱ्यांना असं जपणं, आणि त्यासाठी पैसा, वेळ व बुद्धी खर्च करणं योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा वर येऊ, पुलावर. मॉन्टलेक बुलेव्हार्ड हा सदा वाहनांनी भरलेला रस्ता. पूल त्याच्यावरून पलीकडच्या त्रिकोणी हिरवळीवर जातो. ही हिरवळही याच काळात नव्याने रचली गेली. गुस्ताफसन गथ्री निकोल या भूदृश्य रचनाकारांनी केलेल्या आखणीत मधला एक रस्ता खाली घेऊन त्याच्यावरून जमीन सलग करण्यात आली, त्यामुळे रेनियर व्हिस्टाची हिरवळ आता मध्ये न तुटता उतरते. तिथेच बर्क-गिलमन ही सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची वाट लागते. (हा बर्क निराळा, एकोणिसाव्या शतकातला न्यायाधीश थॉमस बर्क.) त्याने आणि डॅनियल गिलमनने १८८५ मध्ये सिअ‍ॅटलमधून एक रेल्वे काढली होती. ती पुढे बंद पडली आणि तिच्या मार्गावर १९७८ मध्ये ही वाट खुली झाली. जुन्या रेल्वेच्या सपाट केलेल्या वाटेवर आज सायकली धावतात आणि नवी रेल्वे त्याच परिसरात खोल जमिनीखालून जाते. या जागेने रेल्वेला एकदा निरोप देऊन पुन्हा बोलावून घेतलं, इतकंच.

आता आक्षेपाकडे. पर्वताच्या, मैदानाच्या, प्रयोगशाळांच्या आड न येण्याची किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती नेहमी पायांनी मोजावी लागते. स्थानकातून विद्यापीठाच्या मध्यभागी जायचं तर चांगला चढ चढून जावं लागतं. विशीतल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. रुग्णालय मात्र पॅसिफिक स्ट्रीटच्या पलीकडे आहे, आणि पूल जातो त्रिकोणी हिरवळीकडे. केमोथेरपीसाठी आलेल्या माणसाला किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला शेवटी सिग्नलपाशी उभं राहून वाहता रस्ता ओलांडावाच लागतो. दृश्य अखंड राहिलं याचा मला आनंद आहे, पण रुग्णालयाच्या दाराशी नेणारी एक आडोशाची वाट त्याच वेळी व्हायला हवी होती. ही उणीव छोटी नाही. पावसाळी शहरात तर नाहीच.

बसचंही तसंच. २०१६ मध्ये गाडी सुरू होताच विद्यापीठाच्या वस्तीतून थेट मध्य सिअ‍ॅटलला जाणाऱ्या काही बस बंद झाल्या आणि लोकांनी इथे उतरून गाडी धरावी असं ठरलं. गाडी मध्य शहरात सहा-आठ मिनिटांत नेते, बसला रहदारीत कितीतरी अधिक वेळ लागे; हिशेब बरोबर होता. पण बसथांब्यापासून फलाटापर्यंतची चाल आणि मग नऊ-दहा मजल्यांची उतरण यात वाचलेल्या मिनिटांतली बरीच जात. मार्च २०१८ मध्ये सरकते जिने बंद पडले आणि खोलीची दुसरी बाजू समोर आली. साधे जिने होते, पण ते आणीबाणीसाठी राखलेले. लोक ताटकळले. पुढे ते जिने सगळ्यांना खुले करण्यात आले, आणि ते पहिल्या दिवसापासून खुले असायला हवे होते.

तरीही या स्थानकाने कितीजणांना पाय दिले ते पाहावं. इथले विद्यार्थी यू-पास दाखवून गाडीत बसतात. ही सोय विद्यापीठाने १९९१ मध्येच सुरू केली, रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी. लेक वॉशिंग्टनपलीकडे रेडमंड-बेलव्ह्यूत हजारो भारतीय कुटुंबं राहतात, त्यात मराठीही पुष्कळ. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना तिथे गाडी चालवता येत नाही; दिवसभर घरात बसून खिडकीतून पाऊस पाहायचा. एप्रिल २०१६ मध्ये तळ्यावर जो नवा तरंगता पूल खुला झाला, २,३५० मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब, त्याच्यावरून बस थेट या स्थानकापाशी आली. बस, मग गाडी, की पाइक प्लेस बाजार, विमानतळ, सगळं आवाक्यात. सून कामावर गेल्यावर आपले आपण निघून संध्याकाळच्या आत परतणारी सत्तरीची जोडपी या फलाटावर दिसली की मला हा सगळा खर्च सत्कारणी लागल्यासारखा वाटतो.

२ ऑक्टोबर २०२१ ला गाडी पुढे नॉर्थगेटपर्यंत गेली. विद्यापीठाच्या पश्चिमेला, ब्रुकलिन अ‍ॅव्हेन्यूवर यू डिस्ट्रिक्ट हे स्थानक झालं आणि १९९६ सालचा वायदा पंधरा वर्षं उशिराने का होईना पाळला गेला. तिथून वर आलं की थेट खानावळी, पुस्तकांची दुकानं, वसतिगृहं. विद्यार्थ्यांचा एक मोठा प्रवाह तिकडे वळला. ऑगस्ट २०२४ पासून गाडी आणखी उत्तरेला लिनवुडपर्यंत जाते. साडेपाच वर्षं शेवटचं असलेलं हे स्थानक आता मधलं झालं. दुरून येणाऱ्यांना त्याचा फक्त फलाट दिसतो, दार उघडतं आणि मिटतं. बर्कची भिंत जिन्यावर आहे. ती पाहायला उतरावंच लागतं.

जरूर उतरावं. शेजारच्या कॅपिटल हिलवर माइक रॉस यांनी दोन लढाऊ विमानं सुटी करून, गुलाबी रंगवून फलाटावर टांगली आहेत. नाव ‘जेट किस’. ती कल्पना धाडसी आहे, लक्षात राहते, आणि एकदा पाहिली की बहुतेक कळलेली असते. यू डिस्ट्रिक्टच्या फलाटावर लीड पेन्सिल स्टुडिओने भिंतभर एक कल्पित रस्ता उभा केला आहे, खिडक्या, कोनाडे, इमारतींचे तुकडे. उत्तम काम, आणि प्रत्येक खिडकीत डोकवावंसं वाटतं. तिघांत मला ‘सबटेरेनियम’ सर्वांत मोठं वाटतं, कारण त्याला त्याच्या जागेतून उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. दुसऱ्या शहरात ते फक्त नक्षी होईल.

जायचं तर फुटबॉलच्या सामन्याचा शनिवार टाळावा; स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार माणसं मावतात, आणि त्यांतली बरीचशी याच जिन्यांवर येतात. वर्ग सुरू होण्याच्या वेळाही टाळाव्यात, कारण तेव्हा भिंतीऐवजी पुढच्याची पाठपिशवी दिसते. अकरा-साडेअकराला बरं पडतं. आधी खाली जाताना एक भिंत पाहावी, फलाटावर एक गाडी सोडून द्यावी आणि वर येताना दुसरी. जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, म्हणजे धावत येणाऱ्यांना डावी बाजू मोकळी मिळते.